ताई, दुसऱ्याच्या दुःखावर फेलोशिप मिळते का?

या आठवड्यातलं पत्र नागपूरच्या मानेवाड्याकडून आलंय. नाव छापू नका म्हणाली, नाही छापत. पत्र लांबलचक आहे, कापून देते:

"ताई, मी ३१ वर्षांची, एमए सोशिऑलॉजी. सेट आहे, नेट पण आहे (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, एक राज्याची, एक देशाची), पण जेआरएफ (नेटमध्ये वरचे मार्क पडले की पीएचडीसाठी मिळते ती फेलोशिप) चार मार्कांनी हुकलं. तीन वर्षांपासून सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबानं, शिकवून राहिली. पीएचडीचा विषय डोक्यात पक्का आहे, यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायांचे अनुभव. सर म्हणतात विषय जुना झाला, क्लायमेट चेंज घे, फंडिंग त्याला आहे. बाबा म्हणतात कर्ज काढू, शेतावर मिळते. मैत्रीण म्हणते पैसे नसतील तर पीएचडीच्या भानगडीत पडूच नको. घरी स्थळं पाहून राहिले. ओबीसी आहे. आणि ताई, रात्री झोपताना वाटते की कोणाचं घर उजाडलं त्यावर आपण फेलोशिप मागून राहिलो, हे बरं आहे का? आणि हो, लॅपटॉप घ्यावा का?"

अगं पोरी, एका पत्रात सहा प्रश्न आणि लॅपटॉपचा शेवटी, म्हणजे तू खरंच पीएचडी करणार आहेस. नुसतं करायचं म्हणणारे लॅपटॉपपासून सुरुवात करतात.

आधी सरांचं बघू. क्लायमेट चेंजला पैसा आहे, ते खोटं नाही बोलत, पण तो प्रोजेक्टला आहे. म्हणजे कोणीतरी प्रोजेक्ट लिहिते, तो मंजूर होतो, त्यात प्रोजेक्ट फेलोच्या एक-दोन जागा असतात आणि मग त्या पोट्ट्यानं त्या प्रोजेक्टमधूनच काहीतरी ओढून-ताणून आपली पीएचडी काढायची. सरांच्या हातात असा प्रोजेक्ट असेल तर गोष्ट वेगळी. सरळ विचार, सर सँक्शन लेटर आलं का. नसेल आलं तर नुसतं शीर्षकात क्लायमेट घातल्यानं तुला एक रुपया जास्तीचा मिळणार नाही, कारण आपल्याकडे पीएचडी करणाऱ्याला जो पैसा मिळतो तो जवळपास सगळीकडे विषय न बघताच मिळतो. जेआरएफमध्ये दीडशे प्रश्न बघतात. महाज्योती, सारथी, बार्टी या राज्याच्या संस्था जातीचा दाखला, नोंदणीचं पत्र आणि त्यावरच्या तारखा बघतात. तुझा विषय यवतमाळच्या बाया आहे का चंद्रावरची माती आहे, खिडकीतल्या माणसाला काही घेणं नसतं. तसं पाहिलं तर हे वाईटच आहे, पण तुझ्या कामाचं आहे, विषय तुझा तुझ्याजवळ राहतो. तुला बदलायचं आहे ते तुझं कॅलेंडर आणि तुझी कागदांची फाइल.

आता चार मार्कांनी हुकलं म्हणतेस. नेटमध्ये एका प्रश्नाला दोन मार्क, म्हणजे दोन प्रश्नांनी हुकलं बाई तुझं! दोन प्रश्न! एवढ्यासाठी कर्ज काढायची भाषा? परीक्षा वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे पण बायांना पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे ३५ पर्यंत तू बसू शकते, सहा-सात चान्स सहज झाले. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी दरवर्षी कोणी ना कोणी पोरगी मला सांगतेच की ताई माहीत नव्हते ते सोडून दिले. सोडायचं नाही, काहीतरी टिचकावून यायचं. आणि पेपर एक कडे लक्ष दे, ५० प्रश्न त्याचे असतात, आपल्या सोशिऑलॉजीवाल्या पोरी पेपर दोनमध्ये सगळे विचारवंत घोकून जातात आणि पेपर एकच्या टेबलं-टक्केवारीत आपटतात. पेपर मराठीत येत नाही, इंग्रजी-हिंदीत येतो, तेव्हा मराठीतून शिकली असशील तर जुने पेपर इंग्रजीतून सोडवायची सवय आत्तापासून लाव. आणि सेटचं म्हणशील तर ती नोकरीच्या पात्रतेपुरती आहे, सेटवर फेलोशिप मिळत नाही, हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं.

एक गोष्ट मात्र तू लिहिली नाहीस. फॉर्म भरताना कॅटेगरी काय टाकली होतीस? कारण मी पाहिलंय, घरात ओबीसीचा दाखला असतो पण नॉन क्रिमीलेअरचं, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं, प्रमाणपत्र संपलेलं असते, मग पोरं शेवटच्या दिवशी ओपनमधून फॉर्म भरून मोकळे होतात आणि कटऑफ लागल्यावर रडत बसतात. आणि राज्याचं नॉन क्रिमीलेअर वेगळं, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं, नेटला केंद्राचं लागते आणि ते चालू आर्थिक वर्षातलं ताजं लागते. एप्रिल उजाडला की पहिल्या आठवड्यात सेतूमध्ये जाऊन अर्ज टाक, जूनमध्ये जाशील तर अकरावीच्या ॲडमिशनवाल्यांच्या रांगेत उभी राहशील. बाबांची शेती आहे म्हणून उत्पन्न जास्त दिसेल अशी भीती वाटत असेल तर, नॉन क्रिमीलेअर ठरवताना शेतीचं उत्पन्न आणि पगार उत्पन्नाच्या आठ लाखांच्या मर्यादेत धरत नाहीत, आणि हे तिथल्या टेबलावरच्या माणसालाही कधी कधी समजावून सांगावं लागते.

जेआरएफ मिळालं तर किती? जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, पहिली दोन वर्षं. मग समितीपुढे काम दाखवायचं, एसआरएफ, म्हणजे सिनिअर फेलोशिप, होते, ४२ हजार, पुढची तीन वर्षं. घरभाडं भत्ता वेगळा. गुणाकार करून बघ, दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार आणि तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार, चोवीस लाख झाले. बाबा शेतावर किती काढणार होते? वर किरकोळ खर्चासाठी कंटिन्जन्सी म्हणून आपल्या सोशल सायन्सवाल्यांना पहिली दोन वर्षं वर्षाला १० हजार आणि नंतर साडेवीस हजार. कंटिन्जन्सीवर मी खाली परत येणार आहे, कारण तुझं खरं दुखणं तिथं आहे.

तोवर नुसतं नेटच्या भरवशावर बसू नको. ओबीसी म्हणालीस पण कोणती जात ते लिहिलं नाहीस, लाजायचं काही नाही, इथे त्यानं दार बदलते. कुणबी असशील तर तू सारथीच्या लक्षित गटात येते, ऑफिस पुण्याला. बाकी ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास यांच्यासाठी महाज्योती, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, म्हणजे तुला मेल करून उत्तराची वाट पाहायची गरज नाही, सिटी बस पकडून जायचं आणि विचारायचं. एससी मैत्रिणींसाठी बार्टी आहे. हे सगळे जेआरएफच्याच धर्तीवर पैसे देतात, पण जागा ठरलेल्या असतात, जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही, निघाली तर मुदत थोडी असते, आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे तुझी पीएचडीची नोंदणी जाहिरातीत दिलेल्या तारखांमध्ये बसली पाहिजे. एवढी आंदोलनं कशावरून झाली? २०२३ मध्ये बार्टीची पोरं मुंबईत आझाद मैदानावर बसली होती, फेलोशिप कोणाला आणि कोणत्या तारखेपासून याचंच तर भांडण. म्हणून सांगते, पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेटच्या मार्कांवर जिथे ॲडमिशन होत असेल तिथे आधी नोंदणी करून घे, फेलोशिप मिळाल्यावर नोंदणी करू असं म्हणत बसशील तर दोन्ही जाईल. नोंदणीचं पत्र हातात आलं की त्याच्या दहा झेरॉक्स काढ आणि तारीख लाल पेनानं घरच्या कॅलेंडरवर लिही.

भाऊ-बहिणीचा उल्लेख पत्रात नाही. एकुलती एक आहेस का? असशील तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप खास एकुलत्या एक मुलींसाठीच आहे, रक्कम जेआरएफएवढीच, पण पीएचडी पूर्णवेळ पाहिजे, पार्टटाइमला नाही, आणि आईबाबांचं प्रतिज्ञापत्र लागते. पोरी या फेलोशिपचा फॉर्मच भरत नाहीत, का कोण जाणे.

स्थळांचं बोलू. लग्न कर, नको करू, तो तुझा प्रश्न, मी त्यात पडत नाही. पण लग्न केलंस तर थेसिस जमा होईपर्यंत नाव बदलू नको. ऐक, माझं काय झालं. माझी नोंदणी माहेरच्या नावानं, फेलोशिप एका संस्थेची होती, मधेच लग्न झालं आणि सासूबाईंनी हौसेनं बँकेचं खातं नवीन नावानं उघडून दिलं. अकरा महिने पैसे अडकले. अकरा! दर महिन्याला जायचं, तो माणूस चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, मॅडम या दोन बाया वेगळ्या आहेत. राजपत्रात नाव छापून आणलं तर म्हणे यावर वडिलांचं नाव नाही. त्या वर्षी दिवाळीला मी नवऱ्याकडून पैसे मागितले, नवऱ्यानं दिले, पण मागायला लागले ते माझ्या अजूनही लक्षात आहे. तेव्हा दहावीच्या सर्टिफिकेटवर जे नाव तेच आधारला, तेच बँकेत, तेच नोंदणीला. एका स्पेलिंगचा फरक नको.

कर्ज काढायचं नाही. बाबांना सांग ताईंनी नाही म्हटलं. शेतीवर कर्ज काढून पोरगी शेतकऱ्याच्या कर्जाचा अभ्यास करायला जाईल, हे तुला तरी पटते का? आणि मैत्रीण म्हणते ते निम्मं बरोबर आहे, पैशाशिवाय पीएचडी म्हणजे सीएचबीवर चार कॉलेजं करून रात्री जागणं, उन्हाळ्यात पगार नाही, आणि जो आहे तो कधी येईल ते विधात्याला माहीत. ते करणारे लोक आहेत, मी त्यांना हात जोडते, पण तुला ते कर म्हणणार नाही. सीएचबी आत्ता लगेच सोडू नको, फेलोशिप मिळाल्यावर मात्र अट नीट वाच, बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ संशोधन करतो आणि दुसरीकडून पैसे घेत नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं लागते, आणि दोन्ही डगरींवर हात ठेवले तर पुढे वसुली निघते.

आता ती दोन-तीन ठिकाणं, जिथे विषय खरंच वाचतात. पहिलं आयसीएसएसआर, दिल्लीची, १९६९ पासूनची, सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठीच काढलेली. त्यांची डॉक्टरल फेलोशिप असते, आधीच पीएचडीला नोंदणी झालेल्यांसाठी, जेआरएफपेक्षा पैसे कमी आणि मुदतही थोडी, पण तिथे तुझी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, माणूस वाचतो. दुसरं, बाहेरदेशी, फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल रिसर्च फेलोशिप, इथे पीएचडी करणाऱ्यांना ६ ते ९ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात नेतात. आणि मानववंशशास्त्राकडे झुकणारं काम असेल तर अमेरिकेचंच वेनर-ग्रेन फाउंडेशन आहे, तिथे कोणत्याही देशाच्या पीएचडी विद्यार्थ्याला फिल्डवर्कसाठी २५ हजार डॉलरपर्यंत मागता येते, तुझ्यासारखा विषय त्यांना नवा नाही, पण प्रस्ताव इंग्रजीत आणि फार घट्ट लिहावा लागतो. हे दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं काम. आत्ता नुसती नावं वहीत लिहून ठेव.

या ठिकाणी मात्र सरांचं 'विषय जुना झाला' हे वाक्य आडवं येईल, आणि खरं सांगू, सर इथे थोडे बरोबर आहेत. 'आत्महत्याग्रस्त कुटुंबातील महिलांचे अनुभव' असं शीर्षक टाकून बघ शोधगंगेवर, देशभरचे थेसिस ठेवतात त्या वेबसाइटवर, किती थेसिस निघतात ते. पण विषय जुना झाला म्हणून सोडायचा नसतो गं, त्यात अजून कोणी हात न लावलेला कोपरा शोधायचा असतो. तुला एक कोपरा दाखवते, मला स्वतःला करायचा होता, नाही जमलं.

२००६ ची गोष्ट. जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले होते, शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं, आणि त्या हिवाळ्यात मी यवतमाळच्या केळापूर तालुक्यात फिल्डवर होते. गावात शिरलं की पोरं ओरडायची, पॅकेजवाल्या आल्या. एका घरी बाई कापसाच्या वेचणीवरून नुकतीच परतली होती, ओटीत वेचलेला कापूस बांधतात तो लुगड्याचा तुकडा अजून कमरेलाच होता. मी बसले, पाणी दिलं तिनं, आणि मी काही विचारायच्या आधी आत जाऊन वायरची पिशवी घेऊन आली. त्यातून एकेक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सातबारा. पंचनाम्याची झेरॉक्स. पासबुक, त्यात तीनशे की काय रुपये. आणि एक पत्र, घडीवर फाटत आलेलं, त्यावर एकच शब्द महत्त्वाचा होता, अपात्र. म्हणजे असं की सरकारची मदत एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून, पण ती मिळायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानावाल्या सावकाराचं पाहिजे. हिच्या नवऱ्यानं घेतलेलं गावातल्याच एका माणसाकडून, तोंडी. कागद नाही. म्हणून नवरा गेला पण सरकारच्या हिशोबात तो कर्जापायी गेलाच नाही.

मी लिहून घेत होते, तिनं विचारलं, "बाई, तुमी एवढं लिहून राहिल्या, याचे पैसे भेटते का तुमाले?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. पण खोटं काय बोलणार, म्हटलं हो, महिन्याला पाच हजार. (ते अकरा महिने अडकले ते नंतर.) तिनं बोटांवर मोजलं, म्हणाली म्हंजे माह्या पाच महिन्याची मजुरी. मी खाली मान घातली. तर ती म्हणते, "मंग बराबर लिवजा. मांगच्यानं माह्यं नावच चुकवलं होतं."

तुझ्या रात्रीच्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे. पैसे घेतेस याचा तिला राग नाही येणार, नाव चुकवलंस, कागद नीट वाचला नाहीस, चार वाजता यायचं सांगून सहाला गेलीस तर येईल. आपल्यालाच उगाच वाटते की पैसा मधे आला की दुःख विटाळते. मजुरी करणाऱ्या बाईला मजुरी म्हणजे काय ते आपल्यापेक्षा चांगलं समजते.

तर कोपरा तो, अपात्र. ज्या घरांना अपात्र ठरवलं त्या घरातल्या बाईचं पुढे काय झालं, गावानं तिला काय मानलं, तिनं स्वतःला काय मानलं, अपील केलं का, कोणी कागद लिहून दिले, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं का. सगळे अभ्यास पात्र-अपात्र दोघींना एकाच टेबलात टाकून मोकळे होतात. या कामात मकाम, म्हणजे महिला किसान अधिकार मंच, विदर्भात बऱ्याच वर्षांपासून आहे, त्यांच्या कार्यकर्त्या बायांशी आधी बोल, थेट गावात घुसू नको. सरांना हे एका पानावर लिहून दाखव. पान म्हणजे पानच, चार नाही.

आता कंटिन्जन्सी. फेलोशिप तुझं पोट भरते, फिल्डवर्कचा खर्च वेगळा असतो आणि त्याचा विचार कोणीच करत नाही. समज तीस बायांशी बोलायचं, प्रत्येकीकडे किमान दोनदा. गणेशपेठवरून यवतमाळची एसटी, मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, देव भलं करो, पुढे काळी-पिवळी, मग पायी. रात्री राहावं लागलं तर राहणं. एका फेरीला हजार-बाराशे धरले आणि पंचवीस फेऱ्या, तीस हजार झाले, आणि दोन वर्षांची कंटिन्जन्सी वीस हजार. त्यात पुस्तकं, झेरॉक्स, प्रिंट सगळं बसवायचं. आणि एक तासाचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात, वऱ्हाडी बोली असेल तर जास्त, ते दुसऱ्याला पैसे देऊन करवशील तर दिवाळं निघेल, स्वतःच कर, त्यातच अर्धा थेसिस सापडतो. म्हणून फेलोशिप सुरू झाली की पहिल्या महिन्यापासून दोन-तीन हजार फिल्डचे म्हणून वेगळ्या खात्यात टाक. तिकिटं जपून ठेव, कंडक्टरच्या मशीनमधली शाई दोन महिन्यांत उडते, त्याच दिवशी फोटो काढ.

वेळ पण पैसाच आहे. जूनमध्ये पेरणी, तेव्हा जायचं नाही. दिवाळीपासून पुढे वेचणी, तेव्हा दिवसा जाशील तर तिची मजुरी बुडवशील, संध्याकाळी जा, तिच्या स्वयंपाकाच्या वेळी चुलीजवळ बसून बोल, भाजी निवडून दे. मे महिन्यात ती घरी असते पण तू ४५ डिग्रीत मरशील, सकाळी सातला पोहोच. हातात पैसे ठेवू की नको, यावर लोकांची भांडणं आहेत, माझं मत, रोख नको, त्यानं दुसऱ्या दिवशी अख्खं गाव तुझ्याजवळ येते आणि जे बोलतात ते पैशासाठी बोलतात. मी कॉटन मार्केटमधून संत्री नेत होते, पोरांसाठी. तिचा दिवस खरंच बुडाला असेल तर भरून दे, आणि तशी तरतूद सिनॉप्सिसमध्ये उघड लिही, चोरून देऊ नको.

एक मात्र मी तुझ्याकडून लिहून घेईन. अशा बाईशी बोलताना जखम उघडते, मग तू पाच वाजताची एसटी पकडून नागपूरला येते आणि ती रात्रभर छताकडे बघत बसते. म्हणून संमतीपत्राच्या मागे टेली-मानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर छापून ने, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. शक्य असेल तर गावच्या आशाताईला सांगून ठेव की मी आज अमक्याकडे गेले होते, उद्या एकदा डोकावून ये. आणि स्वतःसाठीही कोणी धर. मी धरलं नव्हतं, २००७ चे चार महिने मी कोणाशीच धड बोलले नाही आणि घरच्यांना वाटलं पोरीला गर्व झाला.

सांगायचं राहिलं, परवाच आठवलं. २०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता आणि आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी. आठवड्यानं एक पोरगा आला, संशोधन करून राहिलो म्हणे, फॉर्म काढला, नुकसान किती रुपयांचं. फ्रिज लिहिला, सोफा लिहिला. खालच्या खोलीत माझ्या फिल्डच्या वह्या होत्या, केळापूरच्या, सगळ्या लगदा. ते कुठल्या रकान्यात लिहू विचारलं तर त्यानं फॉर्म उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाला, मॅडम, 'इतर'. चांगला होता पोरगा, चहा घेऊन गेला. तू जाशील तेव्हा रकाने कमी ने आणि कोऱ्या वह्या जास्त ने, आणि घरी आल्याबरोबर स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव.

मुदतीची काळजी करू नको. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुढे दोन वर्षं मागून वाढवता येतात, बायांना त्यावर आणखी दोन, आणि बाळंतपण-संगोपनासाठी २४० दिवसांची रजा. स्थळं पाहणाऱ्यांना हे पण सांगून ठेव. फेलोशिप मात्र पाच वर्षांतच संपते, तेव्हा सहावं वर्ष आपल्या खिशातून जाणार असं धरूनच चाल.

लॅपटॉप. नवीन नको, बर्डीवर सेकंडहँड चांगला मिळतो, बॅटरी मात्र बदलून घे. रेकॉर्डर वेगळा घे, दोन-तीन हजारांचा, फोनवर रेकॉर्डिंग करू नको. मी एकदा केलं होतं, बाई तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगत होती आणि मधेच आईचा फोन आला, भाजीत मीठ किती टाकू म्हणून.